चार धुऱ्यांची ज्वारी

मला गोफण चालवता येते. हे वाक्य मी मुद्दाम पहिलं लिहिते आहे, कारण माझ्या माहेरच्या कुणाचाच त्यावर विश्वास बसत नाही. यवतमाळच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली, कचेरीत कारकून असलेल्या बापाची, बी.ए. झालेली मुलगी मचाणावर उभी राहून गोफण फिरवते आणि दगड जिथं पाडायचा तिथंच पाडते, हे ऐकून माझा भाऊ हसतो. थापा मारू नकोस म्हणतो. मी म्हणते, दिवाळीच्या आधी ये आमच्या वावरात आणि उभा राहा त्या बाभळीखाली. अजून तरी तो आलेला नाही.

माहेरी ज्वारीची भाकर होत नसे असं नाही, पण ती आतल्या खोलीतली. वडिलांच्या ऑफिसातलं कुणी जेवायला आलं की भाकरीचा डबा फळीवर मागं सरके आणि गव्हाच्या पोळ्या पुढं येत. आपण ऑफिसातले लोक, आपण भाकर खातो हे चार लोकांना कशाला दिसायला हवं, असा आईचा हिशेब. मलाही तो पटलेला होता. लग्न ठरलं तेव्हा मी आईला विचारलेला पहिला प्रश्न, त्यांच्याकडे रोज पोळ्या करतात ना, हा होता. आज ते आठवलं की माझा मलाच राग येतो.

लग्न होऊन मी दारव्ह्याजवळच्या एका गावात आले. आमच्याकडे सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात, म्हणून मी झाले यवतमाळवाली. सासरी शेतीवर चालणारं घर. सासू, सासरे, नवरा आणि मी. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची, सासूबाईंना आत्याबाई. आणि हो, पोळ्या रोज होत होत्या. कारण गावात ज्वारी उरलीच नव्हती. घराच्या मागच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, सुरू होई, ती थेट दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत. दुसरं पीक म्हणून दिसायचं नाही. कुठं कुठं तूर, तीही वाट चुकल्यासारखी.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा पेपरात येई ते एकाच कारणासाठी. ती गोष्ट सांगणारे पुष्कळ झाले आणि त्यातले बरेचजण गाडीतून खाली न उतरता परत गेले. मी सांगणार आहे ती गोष्ट भाकरीची आहे. ती आम्ही केली, म्हणून मला ती सांगायचा हक्क आहे.

आत्याबाईंना शुगर निघाली. टाचेला भेग पडली होती, त्यात जखम झाली आणि दोन महिने झाले तरी ती भरेना, म्हणून त्यांना दारव्ह्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या देतो, पण खाणं बदला. ज्वारीची भाकर खा, पालेभाज्या खा, साखर सोडा. पाय असाच राहिला तर पुढं कापायची पाळी येऊ शकते, हेही त्यांनी सांगितलं, आणि ते त्यांनी आत्याबाईंच्या तोंडावर सांगितलं. घरी आल्यावर आत्याबाईंनी ओसरीत बसून जाहीर केलं.

"दुकानातल्या पोत्यातली जवारी मी खाणार नाई. इतकं वावर असून मी भाकर इकत घेऊ? माह्या वावरात पिकीन तवा खाईन."

"आत्याबाई, पाय आहे तुमचा," मी म्हटलं.

"पाय माहा हाय न? मग मले समजते."

हट्टी बाई. पण या हट्टामागं काय होतं ते मला नंतर कळलं. त्यांची सासू जिवंत असताना याच वावरात ज्वारी होती. ज्वारीच्या ओळींत मूग, बरबटी म्हणजे चवळी, बांधाच्या कडेनं अंबाडी. निंदायला गेलेली बाई येताना ओटीत भाजी घेऊनच यायची. मग कापसाचे चांगले दिवस आले, तेव्हा आत्याबाईंनीच नवऱ्याच्या मागं लागून सगळ्या वावरात पऱ्हाटी लावून घेतली होती. ज्वारी त्यांनी स्वतः हाकलली होती. आता ती पोत्यातून विकत आणून खायची म्हणजे आपल्याच हातानं केलेलं आपल्याच ताटात वाढून घ्यायचं. ते त्यांना जमणारं नव्हतं.

मी ठरवलं, अर्धा एकर ज्वारी पेरायची. मामाजींना सांगितलं. त्यांनी तंबाखू मळायची थांबवली नाही.

"पेर न. पाखरं खातीन. चहूकडं पऱ्हाटी अन मधात तुही जवारी. साऱ्या शिवारातले पाखरं तिथंच येतीन जेवाले."

"राखीन मी," मी म्हणाले.

मामाजी पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. नवऱ्यानं मान खाली घालून घेतली, म्हणजे तोही हसत होता.

बियाणं मिळालं ते हापशीवर. ही गोष्ट जरा समजून घ्यायला हवी. आमच्या वावराला लागून मामाजींच्या चुलत भावाचं वावर. मी त्यांना काकाजी म्हणायची, म्हणजे मनात म्हणायची, कारण दोन घरांत बोलणं बंद होतं. भांडण धुऱ्याचं. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. आमच्याकडे भावाभावांत दुसऱ्या कशावरून भांडण झालं तर लोकांना नवल वाटतं. माझ्या लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी काकाजींच्या औतानं धुरा एक तास आत सरकला, असं आमचं म्हणणं. औताच्या एका फेरीची रुंदी म्हणजे एक तास, हातभरच जागा. तो आधीच मामाजींनी सरकवला होता आणि आपण फक्त जागेवर आणला, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून सख्ख्यासारखे वाढलेले दोन भाऊ रस्त्यात समोरासमोर आले तर एकजण गल्ली बदलायचा. पण सुनांना पाणी तर भरावंच लागतं. काकाजींची सून उमरखेडची, तिला सगळे उमरखेडवाली म्हणायचे. हापशीवर माझ्या हंड्यात पाणी पडत असताना तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाली, "माझ्या माहेरी अजून गावरान ज्वारी पेरतात. आणून देऊ का? पण आमच्या घरी सांगू नको." पुढच्या खेपेला ती माहेराहून आली तेव्हा तिच्या पिशवीत कुंकवाच्या डबीखाली राखेत घोळलेलं बियाणं होतं.

पेरलं. उगवलं. माझ्या डोक्याच्या वर गेलं. कणसं बाहेर पडली तेव्हा मी रोज सकाळी नुसतं बघायला जायची आणि माहेरच्या फळीवर मागं सरकलेला तो डबा मला आठवायचा. मग दाण्यात दूध भरलं आणि मामाजींचं म्हणणं खरं व्हायला लागलं.

चिमण्या आल्या, सुगरणी आल्या, साळुंक्या आल्या. पोपट तर असे आले की जणू निमंत्रण पत्रिका वाटली होती. नवऱ्यानं चार बल्ल्या ठोकून मचाण बांधून दिलं आणि मला गोफण दिली. पहिल्या दिवशी माझा दगड मागं गेला आणि मामाजींची पाण्याची घागर फुटली. दुसऱ्या दिवशी पुढं गेला, पण काकाजींच्या वावरात, आणि तिथून कुणीतरी ओरडलं. आठवडाभरात दगड ज्वारीच्या वर पडायला लागला. पण मी पूर्वेकडे दगड मारला की पाखरं पश्चिमेला बसायची. पश्चिमेला वळले की पूर्वेला. एकटी बाई आणि सगळ्या शिवारातली पाखरं.

कुणीतरी सांगितलं, कॅसेटची फीत बांध. वाऱ्यानं ती फरफरते, उन्हात चमकते, पाखरं भितात. माझ्या कपाटात माहेराहून आणलेल्या दोन व्हिडिओ कॅसेट होत्या. एक आमच्या लग्नाची, दुसरी भावानं टीव्हीवरून भरलेल्या कसल्याशा सिनेमाची. गेल्या पोळ्याला दारव्ह्याहून भाड्यानं व्हीसीआर आणून सगळ्यांनी लग्न पाहिलं होतं आणि नंतर कॅसेट खोक्यांत घालून ठेवणारी मीच. मी सिनेमाच्या खोक्यातली कॅसेट काढली, फोडली, आणि दोन दिवस राबून सगळ्या ज्वारीभोवती फीत ताणली. वारा सुटला की ती घूं घूं वाजायची. भारी दिसत होतं ते. लंगडणाऱ्या आत्याबाईंना मी हळूहळू ते दाखवायला घेऊन गेले.

पाखरं तीन दिवस आली नाहीत. चौथ्या दिवशी एक साळुंकी त्या फितीवरच बसलेली मी पाहिली.

आणि दिवाळीला पुन्हा व्हीसीआर आला तेव्हा लग्नाच्या खोक्यातून सिनेमा निघाला. सगळे पडद्याकडे बघत बसले होते. नायक नाचायला लागला. मी काय केलं ते माझ्या ध्यानात आलं: ज्वारीभोवती ताणलेली फीत आमच्या लग्नाची होती. आत्याबाईंना त्या कॅसेटमधली एकच जागा आवडायची: पंगत. त्यात मामाजी आणि काकाजी शेजारी शेजारी बसलेले होते, आणि काकाजी आग्रह करून, हात धरून, मामाजींच्या तोंडात जिलबी कोंबत होते. दरवेळी ती जागा आली की आत्याबाई "थांबव, थांबव" म्हणायच्या. मी रडायला लागले.

"जाऊ दे," आत्याबाई म्हणाल्या. "पाखरायनं तरी पाह्यलं."

त्या वर्षी कापणी म्हणजे चेष्टाच होती. अर्ध्या एकरातून दोन टोपल्या दाणे निघाले. मी ते जात्यावर घ्यायला निघाले तर आत्याबाईंनी टोपली ओढून घेतली. हे बियाणं हाय, म्हणाल्या, आणि राख, कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात भरून ठेवलं. भाकर नाहीच. पोळी आणि चहा सुरूच. जखम एकदा सुकल्यासारखी व्हायची, पुन्हा ओली व्हायची. पट्टी मी बदलायची आणि दरवेळी मला डॉक्टरांचं ते वाक्य ऐकू यायचं. गावातल्या बाया हापशीवर विचारायच्या, "काय वं यवतमाळवाली, आज पाखरायले भाजी कायची केली?" आमच्या वावराला पाखरायची खानावळ असं नाव पडलं होतं. मी हसून उत्तर द्यायची, पण आतून जळत होते. मला हरायची सवय नाही.

वाट सापडली ती मामाजींच्याच एका वाक्यातून. ते कुणाला तरी सांगत होते, पहिले साऱ्या गावात जवारी होती, तवा पाखरं असेच होते, पण कोणाचं थोडं, कोणाचं थोडं, समजत नव्हतं. मी स्वयंपाकघरात ऐकलं आणि हातातलं पीठ तसंच सोडून बाहेर आले. म्हणजे दोष पाखरांचा नव्हता. आम्ही एकटे होतो, एवढीच चूक होती.

आमच्या वावराच्या वरच्या टोकाला एक जागा आहे, जिथं चार धुरे येऊन मिळतात. तिथं एक जुनं बाभळीचं झाड आहे. एक कोपरा आमचा, एक काकाजींचा, एक शाळेतल्या गुरुजींचा आणि चौथा एका विधवा बाईचा, जिच्याकडे दोन म्हशी होत्या. चौघांनी आपापल्या त्या कोपऱ्यात अर्धा अर्धा एकर ज्वारी पेरली, तर मधोमध दोन एकरांचा एकच तुकडा होतो. एक मचाण पुरतं. राखण पाळीपाळीनं करता येते. पाखरं खातील ते चौघांचं मिळून खातील. हे मी उमरखेडवालीला हापशीवर ओल्या बोटानं जमिनीवर काढून दाखवलं. तिनं त्या चार चौकोनांतल्या आपल्या चौकोनावर बोट ठेवलं.

"माझे सासरे मेले तरी नाही म्हणतील," ती म्हणाली. "पण कोपरा चांगला आहे."

गुरुजी लगेच तयार झाले. त्यांना हुरडा खाऊन कितीतरी वर्षं झाली होती. म्हशीवाल्या बाईनं आरोग्याचं माझं भाषण मधेच तोडलं आणि विचारलं, "कडबा मले भेटीन न?" भेटेल म्हटल्यावर तिचंही झालं. कापूस गुरांना काही देत नाही, पऱ्हाटीची काडी नुसती चुलीत जाते, हे तिनं मला समजावून सांगितलं, आणि त्या दिवसापासून मी लोकांना भाकरीचे गुण सांगायचं बंद करून कडब्याचे सांगायला लागले. उमरखेडवालीनंही घरी तेच केलं. बैलांच्या फासळ्या दिसून राह्यल्या, असं ती रोज सासऱ्यांच्या कानावर घालायची. काकाजींनी ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "त्यायच्या कोपऱ्याले मी माहा कोपरा लावू? कदीच नाई."

चौथा कोपरा नसला तर तिकडून पाखरं मोकळी. मी हात टेकले होते. पेरणीला आठ दिवस होते.

त्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी नऊवार बदललं, मडक्यातलं बियाणं पदरात बांधलं आणि काठी घेऊन निघाल्या. कुठं ते सांगितलं नाही. मी मागं गेले. त्या काकाजींच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या दारासमोरून जाताना त्या पदर पुढं ओढून घ्यायच्या. काकाजी ओसरीत दोर वळत होते. ते उठून उभे राहिले.

"वयनी? कायले आल्या? पाय असा असून?"

"भाऊजी," आत्याबाई म्हणाल्या, "धुरा तुमचाच. जिथं म्हणसान तिथं. मले फक्त भाकर पाह्यजे."

आणि पदर सोडून दाणे त्यांनी ओसरीवर ठेवले. काकाजींनी खाली पाहिलं, पट्टी बांधलेल्या त्या पायाकडे. मग आत वळून म्हणाले, "सूनबाई, वयनीले बसाले दे."

घरी आल्यावर मामाजींचा पारा चढलेला. गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. "धुरा त्याचा? तू कोण वं सांगणारी?"

"मी खाणारी," आत्याबाई म्हणाल्या आणि आत जाऊन पडल्या. मामाजी त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले, पण पाठ करून. मी मात्र त्या बाईकडे बघतच राहिले होते. त्या हट्टी बाईनं सगळ्यात मोठा हट्ट पदरातून सोडून दिला होता आणि तोही ताठ मानेनं.

चार कोपरे पेरले गेले. काकाजींनी धुऱ्याला हात लावला नाही. उलट आपल्या बाजूनं एक तास मोकळा सोडला. ते पाहून मामाजींनीही आपल्या बाजूनं एक सोडला. त्या मोकळ्या जागेत कुणी काही बोलायच्या आत मी आणि उमरखेडवालीनं अंबाडी टाकून दिली. ज्वारीच्या ओळींत मूग आणि बरबटी. त्या दोन एकरांत फवारणीचा पंप आणायचा नाही, असं चौघांच्या घरच्या बायांनी ठरवलं, कारण तिथली भाजी आपण खाणार. भादव्यात मी ओटीत अंबाडीचा पाला आणि मुगाच्या कोवळ्या शेंगा घेऊन घरी आले तेव्हा आत्याबाईंनी त्यात नाक खुपसून वास घेतला. भाजीचा वास घेणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. माझ्याही लक्षात आलं, की आपण दोन महिने बाजारातून भाजी आणलेली नाही, आणि मला पूर्वी दुपारी यायची ती मरगळ आता येत नाही.

पंपाची एक गोष्ट सांगायलाच हवी. काकाजींच्या पऱ्हाटीत फवारणारा माणूस ठेक्यानं आलेला, त्याला काय माहीत. तो फवारत फवारत कोपऱ्याशी आला. उमरखेडवालीनं नंतर सांगितलं, तिचे सासरे धुऱ्यावरून धावत आले आणि त्या माणसासमोर आडवे उभे राहिले. "इथून पुढं नाई. तिकडं माह्या वयनीचं खाणं हाय." मी हे घरी येऊन मुद्दाम मोठ्यानं सांगितलं. मामाजींनी ऐकलं नाही असं दाखवलं.

राखणीची पाळी मी लावायची. मामाजी सकाळी असले की काकाजी संध्याकाळी, अशी मी काळजी घ्यायची, कारण मचाण एकच होतं. दाणे भरले, पाखरं आली. आली ती तेवढीच, पण आता दोन एकरांत पसरली, आणि खालून चार घरच्या बाया डबे वाजवत होत्या. मला मचाणावरची सकाळ इतकी आवडायला लागली होती की माझी पाळी नसली तरी मी जायची. सोबत भाकर नव्हती अजून, पण कांदा, मुगाच्या शेंगा आणि जवसाची चटणी असायची. उमरखेडवाली आणि मी तिथं बसून मोठमोठ्यानं बोलायचो. हापशीवर दबक्या आवाजात बोलून बोलून आमचे गळे जणू बसले होते.

एके सकाळी मी उशिरा पोचले आणि लांबूनच आरडाओरडा ऐकला. पोपटांचा मोठा थवा उतरला होता. मामाजी मचाणावर गोफण फिरवत होते, पण त्यांचा खांदा दुखरा, दगड पोचत नव्हता. तेवढ्यात काकाजी आपल्या पऱ्हाटीतून रिकामा डबा बडवत धावत आले. "हाऽऽ! पळा लेकाचे!" हे मचाणावरून ओरडत होते, ते खालून. "तिकडं बसले, तिकडं!" काकाजी ओरडले. मामाजींनी तिकडं दगड मारला. "आता इकडं!" मारला. बाहेरच्या माणसाला वाटलं असतं दोघे पाखरांशी बोलताहेत. थवा उठला, वर गेला, बाभळीवरून दूर निघून गेला. मामाजी मचाणावरून उतरले आणि काकाजींना म्हणाले, "दम लागला का तुले?" मी तिथून मागं फिरले. काही गोष्टी सुनांनी पाहू नयेत.

हुरडा झाला बाभळीखाली. गुरुजींनी आगटी केली, गोवऱ्या पेटवल्या, म्हशीवाल्या बाईनं दही आणलं. काकाजी गरम कणीस हातावर चोळत होते. चोळलेला हुरडा फुंकून त्यांनी मूठ मामाजींपुढं धरली. मामाजींनी हात पुढं केला नाही, तोंडच पुढं केलं. आत्याबाई मोठ्यानं हसल्या. "यवतमाळवाली," त्या मला म्हणाल्या, "आता कॅसेट कायले पाह्यजे?" मला पुन्हा रडू आलं, पण ते वेगळं.

कापणीच्या दिवसांत आभाळ भरून आलं. कणसं भिजली की दाणा काळा पडतो. चारी घरची माणसं धावली. कुणाचा कोपरा कुठला ते बघायला वेळ नव्हता. मिळेल ते कणीस तोडून एकाच खळ्यावर टाकलं, वरून ताडपत्री ओढली. पाऊस दोन दिवस रेंगाळला आणि पडलाच नाही. मळणी झाली ती एकाच ढिगाची. मग गुरुजींसमोर टोपल्यांनी चार वाटे केले. माझ्या नवऱ्यानं आमचा वाटा बैलगाडीतून घरी आणला तेव्हा मी गाडीच्या मागं चालत आले, आणि गावातल्या ज्या बायांनी मला पाखरायच्या खानावळीवरून छेडलं होतं त्यांच्या दारासमोर मी मुद्दाम हळू चालले. पुढच्या वर्षी त्यांच्यातल्या तिघींनी आपापले कोपरे जुळवले. बियाणं मागायला त्या माझ्याकडे आल्या. मी दिलं, पण आधी चहा पाजून, बसवून, त्या नावाची आठवण करून दिली.

पहिली भाकर आत्याबाईंनीच थापली. मला हात लावू दिला नाही. चुलीसमोर पाट घेऊन बसल्या, पाय लांब करून, पट्टी बांधलेली टाच बाजूला ठेवून. भाकर तव्यावर फुगली. अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, कांदा. ती जखम पुढं पाच-सहा महिन्यांनी पूर्ण भरली. एकट्या भाकरीनं भरली असं मी म्हणणार नाही, गोळ्या होत्या, रोजची पट्टी होती, आणि चहातली साखरही शेवटी सुटली होती. पण त्या स्वतःच्या पायांनी पुढं कितीतरी वर्षं त्या बाभळीपर्यंत चालत गेल्या, हे मी छातीठोकपणे सांगते.

त्यांनी पहिला घास मोडला, तेव्हा मामाजी दारात उभे होते. त्यांना राहवलं नाही.

"तू म्हणत होती न, माह्या वावरातली असन तवाच खाईन? हे तर साऱ्यायचं मिसळलं. यातला कोणता दाणा आपला, सांगता येते का तुले?"

आत्याबाईंनी घास तोंडात घातला. सावकाश चावला. आम्ही सगळे बघत होतो. मग त्यांनी उरलेली भाकर मधोमध मोडली, अर्धी माझ्या ताटात टाकली आणि मामाजींकडे पाहिलं.

"आपलाच तर हाय सारा," त्या म्हणाल्या. "या, जेवाले बसा."